मुख्य चिन्हाखालची छोटी पाटी: ती काय बदलते आणि काय बदलत नाही

प्रश्न असा आहे: लेखी परीक्षेसाठी गोल, त्रिकोणी, चौकोनी चिन्हे पाठ झाली, पण त्यांच्याखाली लहान आयताकृती पाटी आली की गोंधळ उडतो. '२०० मी' म्हणजे दोनशे मीटरवर की दोनशे मीटरपर्यंत? सायकलचे चित्र म्हणजे सायकलींना सूट की सायकलींनाच बंदी? एकाच खांबावर दोन चिन्हे आणि खाली एकच पाटी असेल, तर ती कोणत्या चिन्हाची?

पाट्या सुट्या सुट्या पाठ करू नका, लक्षात राहणार नाहीत. पाटी स्वतंत्र नियम करत नाही. नियम मुख्य चिन्ह सांगते. पाटी त्या नियमाबद्दलच्या एका प्रश्नाचे उत्तर देते: किती पुढे, किती लांबपर्यंत, कधी, कोणाला, कोणाला सोडून, किंवा का. त्यामुळे पाटी दिसली की आधी मनाशी विचारायचे, 'ही यातल्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आहे?' शेवटचा प्रश्न, म्हणजे 'का', बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. बाकीच्या पाट्या नियम कुठे, कधी किंवा कोणाला लागू ते ठरवतात. 'का' सांगणारी पाटी फक्त कारण देते, नियम तसाच्या तसा राहतो. परीक्षेतले फसवे प्रश्न आणि रस्त्यावरचे दंड, दोन्ही बरेचदा या एका फरकावर अडतात, म्हणून त्याकडे पुढे नीट येतो.

या पाट्यांचा पाया म्हणजे रस्त्यावरची चिन्हे व सिग्नल यांविषयीचा १९६८ चा व्हिएन्ना करार. तो १९७८ मध्ये अमलात आला आणि भारत १९८० मध्ये त्यात सामील झाला. करारात पूरक पाट्यांचा वेगळा विभाग आहे. पांढऱ्या किंवा पिवळ्या पार्श्वभूमीवर काळा वा गडद निळा मजकूर, किंवा त्याच्या उलट, असे रंग त्यात सांगितले आहेत. पाटीची जागा मुख्य चिन्हाच्या खाली. प्रत्येक देशाने यात आपापली भर घातली आहे, त्यामुळे शब्द आणि बारकावे बदलतात, पण सांगाडा बहुतेक ठिकाणी हाच दिसतो. अमेरिका या करारात नाही, तरी तिथल्या पाट्याही वरच्याच प्रश्नांची उत्तरे देतात.

अंतराची पाटी आणि लांबीची पाटी

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून चित्र डोळ्यांपुढे आणा. त्रिकोणात निसरड्या रस्त्याचे चिन्ह आहे. खालच्या पाटीवर नुसते '२०० मी' लिहिले आहे, आजूबाजूला काही नाही. हे अंतर झाले: धोका इथून दोनशे मीटर पुढे सुरू होतो. आता त्याच आकड्याच्या दोन्ही बाजूंना वर टोक असलेले उभे बाण काढा. ही लांबी झाली: धोक्याचा पट्टा दोनशे मीटर लांब आहे. नुसता आकडा असेल तर 'इतक्यावर', आकडा बाणांच्या मध्ये असेल तर 'इतक्यापर्यंत'. ब्रिटनमध्ये बाणांऐवजी शब्द वापरतात: 'फॉर २ माइल्स' म्हणजे लांबी, आणि नुसते '२०० यार्ड्स' म्हणजे अंतर. तिथे मैल आणि यार्ड चालतात हेही ध्यानात ठेवा. यार्ड मीटरपेक्षा थोडा लहान असतो, साधारण ०.९१ मीटर.

आकड्याचा अर्थ वेळेत कळला तर तो वापरता येतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर, ताशी ९० म्हणजे बरोबर २५ मीटर. म्हणजे ताशी ९० वेगात '२०० मी' वाचले, तर धोक्यापर्यंत पोहोचायला ८ सेकंद आहेत. एवढ्यात आरसा पाहणे, पाय उचलणे, गिअर खाली आणणे हे सगळे सावकाश होते, जोरात ब्रेक दाबायची गरज पडत नाही. तेच '२ किमी' बाणांमध्ये असेल, तर त्याच वेगात ८० सेकंद सावध राहायचे आहे. इथे शिकाऊ चालकांची नेमकी चूक अशी की पहिले वळण संपले की ते वेग वाढवतात आणि दुसऱ्या वळणात अडचणीत येतात. लांबीची पाटी दिसली की ट्रिप मीटरवरचा आकडा मनात टिपून ठेवायची सवय लावा. दोन किलोमीटर किती लांब असतात याचा अंदाज नवख्याला हमखास कमी येतो.

अंतराची पाटी प्रत्येक धोक्याच्या चिन्हाखाली का नसते? कारण त्या चिन्हाचे नेहमीचे अंतर ठरलेले असते. जर्मनीत वस्तीबाहेर धोक्याचे चिन्ह साधारणपणे धोक्याच्या १५० ते २५० मीटर आधी असते. अंतर बरेच कमी असेल तर ते पाटीवर देता येते. इटलीत हे नेहमीचे अंतर १५० मीटर आहे आणि चिन्ह त्याहून जवळ लावायचे झाले तर अंतराची पाटी लावावीच लागते. म्हणून '५० मी' किंवा '८० मी' अशी पाटी दिसली तर एक गोष्ट लगेच समजून घ्यायची: इथे जागेअभावी चिन्ह नेहमीपेक्षा जवळ आले आहे आणि तुमच्याकडे वेळ कमी आहे. लहान आकडा बघून 'किरकोळ असेल' असे वाटणे अगदी उलट आहे.

निर्बंधाच्या चिन्हाखाली लांबीची पाटी असेल तर आणखी एक परिणाम होतो. जर्मन नियमांनुसार ओव्हरटेकिंगची बंदी किंवा वेगमर्यादा छोट्या पट्ट्यापुरती असून तिची लांबी पाटीवर दिली असेल, तर शेवटी 'मर्यादा संपली' असे वेगळे चिन्ह नसते. तिथल्याच नियमानुसार, निर्बंध धोक्याच्या त्रिकोणासोबत एकाच खांबावर असेल आणि धोका कुठे संपला हे जागेवरून निःसंशय दिसत असेल, तरीही शेवटचे चिन्ह नसते. म्हणून संपल्याच्या चिन्हाची वाट पाहत दहा किलोमीटर हळू जाणारा चालक आणि पहिल्या वळणानंतर सुसाट सुटणारा चालक, दोघांनीही पाटी वाचलेली नसते.

याच गटातली एक खास पाटी आहे. उलट्या त्रिकोणाखाली, म्हणजे 'रस्ता द्या' चिन्हाखाली, 'स्टॉप १०० मी' अशी पाटी. याचा अर्थ इथे थांबा असा नाही, आणि प्राधान्य द्यायची जागाही ही नव्हे. शंभर मीटरवर स्टॉपचे अष्टकोनी चिन्ह आहे, त्याची ही आगाऊ सूचना. स्टॉपचा अष्टकोन फक्त थांबण्याच्या जागीच वापरतात, म्हणून सूचनेसाठी त्रिकोण आणि पाटी यांची जोडी करारातच ठरवली आहे.

कोणाला आणि कोणाला सोडून

पाटीवर नुसते वाहनाचे चित्र असेल, तर मुख्य नियम फक्त त्या वाहनांना लागू. चित्रासोबत 'वगळून' या अर्थाचा शब्द असेल, तर ती वाहने सोडून बाकी सर्वांना लागू. एकच शब्द, पण अर्थ पूर्ण उलटा होतो. ओव्हरटेकिंग बंदीखाली नुसता ट्रक असेल तर मोटारींना ओव्हरटेक करता येते, ट्रकना नाही. प्रवेशबंदीखाली सायकल आणि 'वगळून' असेल तर सायकलस्वार आत जाऊ शकतो, तुम्ही नाही.

परदेशात चालवणार असाल तर हे शब्द आधी पाठ करा, बाकीची भाषा नंतर. इंग्रजीत 'एक्सेप्ट', इटालियनमध्ये 'एचेत्तो', फ्रेंचमध्ये 'सोफ', जर्मनमध्ये 'फ्राय'. शेवटचा सर्वात फसवा, कारण तो 'वगळून' म्हणत नाही, 'मोकळे' म्हणतो. सायकलचे चित्र आणि 'फ्राय' म्हणजे सायकलींना मोकळीक.

एकेरी रस्त्याच्या तोंडाशी मोटारचालकाला सायकल आणि वर-खाली तोंडे असलेले दोन उभे बाण असलेली पाटी दिसू शकते. तुमच्यासाठी रस्ता एकेरीच आहे, पण सायकली समोरून येणार आहेत. इथे पाटी तुम्हाला परवानगी देत नाही की बंदीही घालत नाही, फक्त समोरून कोण येऊ शकते ते सांगते. उभ्या वाहनांच्या रांगेला वळसा घालताना किंवा दार उघडताना ही माहिती फार मोलाची आहे. असा रस्ता सोडून डावी-उजवीकडे वळतानाही समोरून येणारी सायकल विचारात घ्यावी लागते.

वजनाच्या पाट्या वाचताना आधी स्वल्पविराम पाहा. युरोपातल्या बहुतेक देशांत दशांशचिन्ह म्हणून बिंदूऐवजी स्वल्पविराम वापरतात. '३,५ टी' म्हणजे साडेतीन टन, पस्तीस नव्हे. दुसरी गोष्ट, आकडा कोणत्या वजनाचा आहे: वाहनाच्या कागदपत्रांवरचे कमाल अनुज्ञेय वजन की या क्षणी काट्यावर भरेल ते? वाहनांचा गट ठरवणाऱ्या पाटीत, म्हणजे 'अमुक टनांपेक्षा जड वाहनांना', साधारणपणे कागदावरचे वजन मोजतात. त्यामुळे रिकामा ट्रकही त्यातून सुटत नाही. पुलाची ताकद सांगणाऱ्या वजनमर्यादेत प्रत्यक्ष वजन महत्त्वाचे असते, कारण तिथे प्रश्न काँक्रीट-लोखंडाचा आहे. वापरलेला शब्द तुमच्या देशाच्या नियमावलीत एकदा तपासा.

'कामासाठी येणारे वगळून' किंवा 'रहिवाशांना मुभा' या पाट्यांबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला असतो. ब्रिटनमधली 'एक्सेप्ट फॉर अ‍ॅक्सेस' किंवा जर्मनीतली अशीच पाटी त्या रस्त्यावरच्या घरात, दुकानात, जागेत जाणाऱ्याला सूट देते. त्या रस्त्याने आरपार जाऊन पुढचा सिग्नल टाळणाऱ्याला देत नाही. ज्या ठिकाणी जायचे आहे ते त्याच रस्त्यावर असायला हवे. पलीकडच्या रस्त्यावर असेल तर सूट लागू होत नाही.

कधी

वेळेच्या पाट्या सोप्या वाटतात आणि तिथेच गुण जातात. युरोपातल्या बहुतेक देशांत घड्याळ २४ तासांचे. '७–१९' म्हणजे सकाळी सात ते संध्याकाळी सात. '२२–६' म्हणजे रात्री दहा ते पहाटे सहा: रात्री साडेअकराला मर्यादा लागू, पहाटे चारला लागू, दुपारी बाराला नाही. आकडे उलटे दिसले की मध्ये मध्यरात्र आहे असे समजा.

'कामाचे दिवस' म्हणजे नेमके कोणते? रोजच्या बोलण्यात सोमवार ते शुक्रवार, पण रस्त्यावरच्या पाटीत बरेचदा तसे नसते. जर्मनीत 'वेर्कटाग्स' म्हणजे सोमवार ते शनिवार. शनिवारी कार्यालय बंद असले तरी पाटीच्या दृष्टीने तो कामाचा दिवस. फक्त पाच दिवसांसाठी नियम हवा असेल तर पाटीवर 'सोम–शुक्र' असे स्पष्ट लिहितात. इटलीत शब्दांऐवजी चित्रे आहेत: एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे म्हणजे कामाचे दिवस, आणि तिथेही शनिवार त्यात येतो. क्रॉस म्हणजे रविवार व सुट्ट्या. हातोडे बघून 'रस्त्याचे काम चालू' आणि क्रॉस बघून 'रुग्णालय' असे उत्तर देणारे खूप असतात. रस्त्याच्या कामाचे चिन्ह फावडे धरलेला माणूस असलेला त्रिकोण आहे, त्याचा हातोड्यांशी काही संबंध नाही.

अमेरिकेत शाळेजवळच्या वेगमर्यादेखाली 'मुले उपस्थित असताना' किंवा 'दिवा लुकलुकत असताना' अशा पाट्या दिसतात. इथे घड्याळ नाही, परिस्थिती आहे. दिवा बंद असेल तर ती खास मर्यादा लागू नाही, पण रस्त्याची सर्वसाधारण मर्यादा आहेच.

पार्किंगच्या पाट्यांत वेळ आणि बाण एकत्र येतात. करारानुसार 'पार्किंग नाही' चिन्हाखालच्या पाटीवरचे बाण बंदीचा पट्टा कुठून कुठे आहे ते सांगतात. चिन्ह तुमच्याकडे तोंड करून असेल तर बाण उभे: वर बाण म्हणजे इथून सुरू, खाली बाण म्हणजे इथे संपले, दोन्ही बाजूंना बाण म्हणजे पट्टा चालू आहे. चिन्ह रस्त्याला समांतर, म्हणजे कडेला तोंड करून असेल तर बाण आडवे, आणि ते बंदीच्या दिशेला दाखवतात. काही देशांनी यात बदल केले आहेत. जर्मनीत बाण मुख्य चिन्हातच असतो आणि रस्त्याकडे वळलेला बाण सुरुवात, रस्त्यापासून दूर वळलेला बाण शेवट दाखवतो.

पार्किंग डिस्कचे, म्हणजे पोहोचल्याची वेळ दाखवणाऱ्या तबकडीचे, चित्र असलेली पाटी म्हणजे पोहोचण्याची वेळ काचेआड दाखवणे सक्तीचे. जर्मन पद्धतीत डिस्कवर पोहोचल्यानंतरचा पुढचा अर्धा तास लावतात. १०.०५ ला आलात तर १०.३०. पाटीवर दोन तास असतील तर १२.३० पर्यंत उभे राहता येते. डिस्कवर १०.०० लावले तर स्वतःचाच अर्धा तास गेला, आणि ११.०० लावले तर दंड.

पाटीवर गाडी ओढून नेण्याचे चित्र असेल तर नियम बदलत नाही. ती नियम मोडल्यावर काय होईल ते सांगते.

अट आणि कारण

आता तो महत्त्वाचा फरक. समजा वेगमर्यादा ८० आणि खाली पाटी 'ओले असताना'. ही अट आहे. रस्ता कोरडा असेल तर ८० ची मर्यादा लागू नाही. मग 'ओले' म्हणजे किती? जर्मन सर्वोच्च न्यायालयाने दिलेली व्याख्या अशी की संपूर्ण रस्त्यावर पाण्याचा थर, मग तो पातळ का असेना, दिसायला हवा. नुसता दमट, काळपट दिसणारा डांबर पुरेसा नाही, चाकोरीत साचलेले सुटे पाणीही पुरेसे नाही. ओळखायची व्यवहारी खूण: पुढच्या गाडीच्या चाकांमागे तुषार उडत असतील आणि रस्ता आरशासारखा चमकत असेल, तर ओला धरा.

याच मर्यादेखाली 'ओले असताना'ऐवजी हिमकणाचे चित्र ठेवा. बरेच जण म्हणतील, बर्फ नाही, म्हणून मर्यादा नाही. हाच युक्तिवाद जर्मनीतल्या हाम इथल्या उच्च न्यायालयासमोर आला होता आणि २०१४ मध्ये तो फेटाळला गेला. हिमकण ही अट नसून कारण आहे, असे न्यायालयाने धरले: या मार्गावर थंडीत निसरडे होऊ शकते म्हणून मर्यादा ठेवली आहे, आणि ती कोरड्या रस्त्यावरही पाळायची. 'आवाज कमी ठेवण्यासाठी' अशी पाटीही त्याच जातीची. तुमची गाडी विजेवर चालते, आवाज करत नाही, म्हणून सूट मिळत नाही. त्याच खांबावर '२२–६' असेल तर तेवढी अट आणि आवाजाचा उल्लेख कारण.

ओळखायची कसोटी साधी आहे. पाटीतल्या शब्दांत वेळ, परिस्थिती किंवा वाहनांचा गट असेल, 'तेव्हा', 'त्यांना', 'वगळून' असे काही म्हटले असेल तर ती मर्यादा घालते. नुसते धोक्याचे किंवा हेतूचे चित्र वा शब्द असतील तर ती समजावते. शंका राहिलीच तर कारण समजा आणि नियम पूर्ण पाळा. उलट चूक महाग पडते.

त्रिकोणात नुसते उद्गारचिन्ह असेल तर मात्र पाटीच सगळे सांगते. चिन्ह फक्त 'धोका' म्हणते, कोणता ते पाटीवर असते. तसेच काही पाट्या सल्ला देतात. ब्रिटनमध्ये पाण्यातून जाणाऱ्या रस्त्याच्या सूचनेनंतर 'ब्रेक तपासा' अशी पाटी येते. पाण्यातून गेल्यावर ब्रेक ओले होऊन पकड कमी होते, म्हणून मागे कोणी नाही हे पाहून हलकेच ब्रेक दाबून बघायचा. अमेरिकेत वळणाच्या पिवळ्या चिन्हाखालची पिवळी वेगाची पाटी शिफारस असते. पांढऱ्या चौकोनावरचा वेग कायदेशीर मर्यादा. आकडा तोच, रंगाने दर्जा बदलतो. पण पिवळी पाटी फक्त सल्ला आहे म्हणून दुर्लक्ष करू नका. वळणाची गोलाई पाहून तो वेग ठरवलेला असतो.

रस्त्याच्या आकृतीची पाटी

ही सर्वात अवघड आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ. प्राधान्याच्या चिन्हाखाली चौकाची आकृती असते. जाड रेघ म्हणजे प्राधान्याचा रस्ता, बारीक रेघा म्हणजे रस्ता देणारे रस्ते. तुम्ही नेहमी आकृतीच्या तळाशी असता, खालून वर येत असता. कोणत्याही आकृतीत पहिले काम: तळाच्या रेघेवर बोट ठेवा आणि ती जाड की बारीक ते पाहा.

रस्त्याच्या उजव्या बाजूने वाहने चालणारा देश धरू, जिथे समान दर्जाच्या रस्त्यांवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देतात. जाड रेघ तळापासून सुरू होऊन उजवीकडे वळते. समोरचा आणि डावीकडचा रस्ता बारीक आहे. तुम्ही जाड रेघेवर आहात, समोर सरळ जायचे आहे. शिकाऊ चालक म्हणतो, 'मी प्राधान्याच्या रस्त्यावर, म्हणून सगळे थांबतील.' डावीकडचा आणि समोरचा थांबेल, बरोबर. पण उजवीकडून येणारा सुद्धा जाड रेघेवरच आहे. तुम्ही दोघे समान. तो तुमच्या उजवीकडे आहे, म्हणून तुम्ही त्याला जाऊ द्यायचे. प्राधान्याचे चिन्ह डोक्यावर असतानाही थांबावे लागते, ही गोष्ट पाटी न वाचणाऱ्याच्या लक्षातच येत नाही, आणि धडक होते ती इथेच.

आता जाड रेघ डावीकडे वळते आणि तुम्हाला सरळच जायचे आहे असे धरा. डावीकडून जाड रेघेवरून येणाऱ्याच्या तुम्ही उजवीकडे आहात, म्हणून तो थांबेल. उजवीकडचा आणि समोरचा बारीक रेघांवर आहेत, तेही थांबतील. एकाच चिन्हाखाली, फक्त रेघ कुठे वळते त्यावर तुमचे कर्तव्य पूर्ण बदलले.

तुम्ही बारीक रेघेवर असाल, वर 'रस्ता द्या' असेल, तर आधी जाड रेघेची दोन टोके शोधा आणि त्या दोन्हीकडून येणाऱ्यांना जाऊ द्या. मग उरलेली दुसरी बारीक रेघ. तिथून येणारा तुमच्याइतकाच कनिष्ठ, त्याच्याशी नेहमीचा नियम.

इंडिकेटरचेही सांगायला हवे. जर्मन नियमानुसार वळणाऱ्या प्राधान्याच्या रस्त्यावरून पुढे राहायचे असेल तरी वळण्याच्या दिशेचा इंडिकेटर द्यावा लागतो, कारण इतरांना तुमचा हेतू कळायला हवा. सरळ जाऊन तो रस्ता सोडत असाल तर इंडिकेटर नाही. अनेकजण हे बरोबर उलटे करतात.

एका खांबावर बरीच चिन्हे

पाटी कोणाची? जी तिच्या लगेच वर आहे, त्या चिन्हाची. वर वेगमर्यादा, मध्ये ओव्हरटेकिंग बंदी, खाली 'ओले असताना' असेल तर अट फक्त ओव्हरटेकिंग बंदीची. वेगमर्यादा कोरड्यातही लागू. जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २००३ मध्ये हे तत्त्व स्पष्ट केले. रचनाकाराला अट दोन्हींवर हवी असेल तर प्रत्येक चिन्हाखाली स्वतंत्र पाटी लावायची. दोन पाट्या एकाखाली एक असतील तर दोन्ही एकत्र वाचायच्या, म्हणजे 'आणि' जोडून: ट्रकचे चित्र आणि '७–१९' म्हणजे फक्त ट्रक, आणि फक्त त्या वेळात.

सरावासाठी एक सवय फायद्याची आहे. पाटी दिसली की ती मनात पूर्ण वाक्यात म्हणा: 'ओव्हरटेक करायचे नाही, ट्रकांनी, सकाळी सात ते संध्याकाळी सात.' 'वेग ८०, पण रस्ता ओला असेल तेव्हा.' 'प्रवेश नाही, सायकली सोडून.' वाक्य नीट जुळत नसेल तर पाटी चुकीची वाचली गेली आहे. परीक्षेच्या प्रश्नांतही पर्याय वाचण्याआधी हे वाक्य तयार ठेवा. पर्याय हेतूनेच जवळजवळ सारखे बनवलेले असतात, आणि आधी पर्याय वाचले की त्यातला एखादा डोक्यात बसतो.

प्रत्यक्ष रस्त्यावर पाटीची अक्षरे मुख्य चिन्हापेक्षा लहान असल्याने ती उशिरा वाचता येतात. मुख्य चिन्हाचा आकार लांबूनच ओळखा आणि त्यानुसार पाय उचला, पाटी जवळ आल्यावर वाचा. ती वाचण्यासाठी अचानक ब्रेक लावू नका, मागच्याला तुमचे कारण माहीत नसते. झाडाची फांदी, उन्हाची तिरीप, चिखल किंवा पुढचा ट्रक यामुळे पाटी वाचता आली नाही, तर मुख्य चिन्ह पूर्ण लागू आहे असे धरून चालवा. सूट देणारी पाटी न दिसल्याने जास्तीत जास्त थोडा वेळ जातो. न वाचलेली पाटी आपल्याला सूट देत असेल असे गृहीत धरले तर मात्र मर्यादा मोडली जाते, किंवा समोरून येणाऱ्या सायकलस्वारासमोर तुम्ही पूर्ण वेगात असता.